टोमॅटोच्या पैशातली गिटार

नारायणगावात वाद्यांना तोटा नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या इथं लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या तमाशातल्या विठाबाईंनी आपल्या नावापुढे याच गावाचं नाव लावलं. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज हे तर जुनंच. आता राहुटीत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही दिसतात. जुन्नर काय, आंबेगाव काय, देवळात पखवाज आणि पेटी नाही असं गाव सापडणं कठीण. ढोलकीची शाई कुठं उडालीय, पेटीचा कुठला सूर फाटलाय, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण हाच माणूस गिटार घ्यायची म्हटलं की मोबाईल काढतो आणि वस्तूच्या नावाखालचे तारे मोजत बसतो.

अशाच एका खरेदीवरून मामा-भाचीची जुंपली. मामा भजनी मंडळात पखवाज वाजवतात, शेतात टोमॅटो आणि कांदा करतात. भाची पुण्यात नोकरी करते आणि कॉलेजपासून गिटार वाजवते. मामांचा नातू अकरावीला गेलाय आणि त्यानं गिटारीचा हट्ट धरलाय. मी चहाला म्हणून बसलो आणि दुपार तिथंच गेली. दोघांचं जसं झालं तसं देतो. शिव्या तेवढ्या गाळल्यात.

मामा : हे बघ. चार हजारांत गिटार, वर पिशवी, पट्टा, तारांचा एक जादा सेट, वाजवायच्या पट्ट्या आणि कसला तरी चिमटा. एवढं सगळं देऊन त्याला परवडतंय, तर मग गिटारीत त्यानं घातलं काय?

भाची : मामा, हे तुम्हाला कळतंय आणि पोराला कळत नाहीये. त्या चिमट्याला कॅपो म्हणतात आणि पहिलं वर्षभर त्याला तो लागणारही नाही. असा गठ्ठा घ्यायचा नाही.

मामा : मग चांगली घे की. घ्यायचं तर एकदाच. माझा पखवाज वडलांचा आहे. पुड्या बदलल्या, वाद्या बदलल्या, खोड तेच. तुझ्या त्या दुकानात सगळ्यात चांगली असेल ती सांग.

भाची : सगळ्यात चांगली लाखांच्या पुढं जाते.

मामा : एवढी नको गं. पोराला जमीन विकून गिटार द्यायची नाहीये. आणि २०२३ च्या जुलैत मागितली असती तर दोन घेऊन दिल्या असत्या. क्रेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. आता विचारू नको.

(त्या जुलैचा उल्लेख झाल्याशिवाय नारायणगावात पैशाची कुठलीच गोष्ट पुरी होत नाही. वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळालेला माणूस पुढं जन्मभर त्याच मापानं जग मोजतो.)

भाची : मग दहा हजारांच्या आसपासची घेऊ. यामाहाची एफ-३१० आहे. पुण्यातल्या निम्म्या पोरांनी तिच्यावरच सुरुवात केली असेल.

मामा : कशाची आहे? लाकूड कुठलं?

भाची : वरचा भाग स्प्रूसचा, पण प्लायचा. पातळ थर एकमेकांवर चिकटवलेले.

मामा : प्लायवूड? वाद्य प्लायवूडचं? अगं, प्लायचं कपाट करतात. तंबोऱ्याची तबली कुणी प्लायची केलेली ऐकलीस? तारेचा आवाज तबलीतून येतो. तिथंच लबाडी केली तर उरलं काय?

भाची : तबलीबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. स्पेनमध्ये तोरेस नावाचा कारागीर होऊन गेला. आजच्या गिटारीचा घाट मुळात त्याचा. त्यानं १८६२ मध्ये एक गिटार केली. वरची तबली चांगल्या लाकडाची, आणि पाठ नि कडा सगळ्या पुठ्ठ्याच्या. आवाज तबलीच करते, हे लोकांना दाखवायला. ती गिटार अजून बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे.

मामा : बघ! पुठ्ठा चालला, पण तबली खरी होती. तू माझ्याच बाजूनं बोलतेयस. तबली अखंड लाकडाची असलेली गिटार मिळत नाही का?

भाची : मिळते. त्याच कंपनीची एफजी-८०० आहे, अखंड स्प्रूसची तबली. किंमत साधारण दुप्पट.

मामा : मग ती घे.

इथं मला वाटलं, वाद मिटला. मामांचं म्हणणं सरळ होतं आणि भाचीनंच त्याला पुरावा दिला होता. पण तिनं गिटार ठेवायच्या खोलीकडे बोट केलं.

भाची : ही इथं पत्र्याखाली राहणार ना? एप्रिलात इथं काय होतं आणि जुलैत काय होतं, ते मला सांगायची गरज नाही. अखंड लाकूड हवा पितं आणि सोडतं. पावसाळ्यात तबली फुगते, घोडी वर उचलली जाते, तारा उंच होतात. उन्हाळ्यात तीच तबली आक्रसते. दांडी सुकली की पडद्यांची टोकं बाहेर येतात आणि हात फिरवला की बोचतात. फारच सुकली तर तबली तडकते. पोरगं सुट्टीत आत्याकडं आहुप्याला जातं, गिटार बरोबर नेणारच. तिथं पावसाळ्यात चामड्याच्या चपलेला बुरशी येते. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळं ते फारसं हलत नाही. आवाज थोडा बंद येईल, मान्य. पण दोन पावसाळे निघतील.

मामा : म्हणजे पोराला बंद आवाजावर शिकवायचं? कान तिथंच घडतो, पोरी. आमच्या बुवांनी मला पहिल्या दिवशी चांगल्या पखवाजावर बसवलं होतं. म्हणाले, वाईट वाद्यावर हात बसला तर पुढं चांगलं वाद्य दिलं तरी हात तसाच राहतो.

भाची : मामा, गिटार सोडून दिलेली किती पोरं मी पाहिलीत. आवाज आवडला नाही म्हणून सोडलं असं एकानंही सांगितलं नाही. बोटं दुखतात म्हणून सोडतात.

मामा : दुखणारच. माझे तळहात दुखले नाहीत का?

भाची : दुखणं वेगळं आणि तार इतकी उंच की दाबलीच जात नाही, हे वेगळं. एफ नावाची एक कॉर्ड आहे, पहिल्या बोटानं सगळ्या सहा तारा एकदम दाबायच्या. तिथंच पोरं बसतात. उंच तारांच्या गिटारीवर ती मलासुद्धा धड लागत नाही. पोराला वाटतं, आपल्याला जमत नाही. खरं तर गिटारच नीट लावलेली नसते. थांबा, दाखवते.

तिनं स्वतःची गिटार पिशवीतून काढली आणि पर्समधलं एटीएम कार्ड काढून माझंही मागायला माझ्याकडे हात केला. एक तिचं, एक माझं, आणि तिसरं म्हणून मामांनी खिशातून किसान क्रेडिट कार्ड काढलं. तीन कार्डं एकावर एक धरली की जाडी सव्वादोन मिलिमीटरच्या जरा वर जाते. बाराव्या पडद्यावर, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यावर, तिनं ती तारेखाली सरकवली. तार जेमतेम टेकली.

भाची : ही गिटार हाताला बरी. इथं चौथं-पाचवं कार्ड आरामात मावत असेल तर ती गिटार खाली ठेवायची, नाहीतर दुकानदाराला तारा खाली घ्यायला लावायच्या. चार हजारांच्या गठ्ठ्यातली गिटार खोक्यातून निघाली की तिच्यात कधी कधी सहा कार्डं मावतात.

मामा : (कार्ड परत खिशात घालत) हे तू आधी सांगायचंस. म्हणजे बेल्ह्याच्या बाजारासारखंच आहे. सोमवारी बैल घेताना रंग बघून कुणी पैसे टाकत नाही. दात बघायचे, चालवायचा, गाडीला जुंपून बघायचा. मग गिटारीचे दात कुठं असतात ते सांग.

भाची : सहाही तारा घ्यायच्या आणि प्रत्येक पडद्यावर एकेक सूर वाजवायचा. कुठं खरखरला तर पडदा वरखाली आहे. मग बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून वाजवायचं आणि नंतर तिथंच दाबून. दोन्ही सूर एक यायला पाहिजेत. दाबलेला चढा आला तर वर कॉर्ड बेसूर लागणार, कितीही लावा. दांडी एका डोळ्यानं लांबून बघायची, बंदुकीची नळी बघतात तशी. जरा आत वाकलेली चालते, पिळवटलेली चालत नाही. घोडी मागच्या बाजूनं उचललीय का, तिच्याखाली कागद जातो का, ते बघायचं. कागद गेला की गिटार परत. सहा तारांचा ताण मिळून ७० किलोच्या आसपास असतो. तो सगळा त्या घोडीवर.

मामा : ७० किलो? पाऊण क्विंटलला थोडंच कमी. आणि हे सगळं मोबाईलवर घेतलं तर बघणार कसं?

भाची : म्हणून तर म्हणते, गिटार मोबाईलवर घ्यायची नाही. तारा मागवा खुशाल.

हा मुद्दा दोघांनाही एकदम पटला, तो एवढाच. पुढं मामांनी आपला खरा प्रश्न काढला. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि गिटारीच्या जाहिरातीत तो कधीच नसतो.

मामा : बिघडली तर? पखवाजाला पुडी घालणारा यात्रेत भेटतो. धुमेवर लावायची कणीक घरात असते. पेटीवाला भात्याला चामडं लावून देतो. या परदेशी लाकडाला हात लावणारा कोण? चाकणच्या कोंडीतून पुण्याला न्यायची प्रत्येक वेळी?

भाची : वर्षातून एकदा नेली तरी पुरे. बाकीचं पोरगं स्वतः करेल. दांडीच्या पोटात लोखंडी सळई असते. दांडी वाकली की षट्कोनी किल्ली घालून ती पाव फेरा फिरवायची. पाव फेराच, जास्त नाही. तारा बदलायला अर्धा तास. गिटारीत घरच्या घरी करता येणारी कामं पखवाजापेक्षा जास्तच आहेत.

मामा : तू इंजिनीअर आहेस, तुला सोपं वाटतं. आपल्याकडं वाद्य आणि दुरुस्तीवाला एकत्रच येतो. मिरजेच्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. गवयांची वाद्यं मोडली, ती जोडून देता देता ते करणारे झाले. १५० वर्षं गेली, आज त्यांच्या सतारीला नि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालंय. हात आधी, दुकान नंतर.

भाची : मग ऐका. ज्या कंपनीचं नाव मी घेते, तीही अशीच सुरू झाली. तोराकुसु यामाहा म्हणजे घड्याळं आणि डॉक्टरी उपकरणं दुरुस्त करणारा माणूस. १८८७ मध्ये हामामात्सुच्या शाळेतली पायपेटी बंद पडली, ती दुरुस्त करायला त्याला बोलावलं. ती उघडून बघितली आणि मग त्यानं स्वतःच एक केली.

मामा : पायपेटी? आपल्या नाटकवाल्यांची?

भाची : त्याच जातीची. अजून कंपनीच्या चिन्हात तीन सूरकाटे आहेत.

मामा थोडे खूश झाले. दुरुस्त करणाऱ्यानं काढलेली कंपनी म्हटल्यावर त्यांचा निम्मा विरोध गेला, असं मला वाटलं. युक्तिवाद म्हणून यात काही दम नाही. १८८७ ची पायपेटी आणि आज इंडोनेशियात हजारांनी निघणारी गिटार यांचा संबंध नावापुरताच. पण माणसं पटतात ती अशाच गोष्टींनी.

मग त्यांनी लाकडाचा विषय पुन्हा उकरला, या वेळी मागच्या बाजूनं. वाड्यातल्या जुन्या शिसवी माच्यावर थाप मारून ते म्हणाले, हे लाकूड वाजतं बघ. भाचीनं सांगितलं की जगातल्या महागड्या गिटारींची पाठ याच शिसवाची असते. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं १९६९ मध्ये ब्राझीलच्या शिसवाऐवजी भारतातलं शिसव लावायला सुरुवात केली, कारण ब्राझीलनं ओंडके बाहेर जाऊ देणं थांबवलं होतं. २०१७ पासून काही वर्षं शिसवाच्या गिटारी देशाबाहेर विकायला पाठवताना कागदपत्रं लागायची; २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मामांना हे ऐकून राग आला की आनंद झाला, ते कळलं नाही.

मामा : म्हणजे आपल्या सह्याद्रीचं लाकूड तिकडं जातं, गिटार होऊन लाखाला विकलं जातं, आणि आपण पोराला प्लाय द्यायचा.

भाची : पहिल्या गिटारीला पाठ कशाची हे बघायचं नाही. तोरेसचा पुठ्ठा विसरलात?

मामा : नाही विसरलो. पण तुझ्याकडं किती गिटारी आहेत ते सांग आधी.

भाची : तीन.

मामा : तीन! आणि पोराला एकीवरनं उपदेश करतेस. वाजवतेस किती?

भाची : एक. (हसून) नायलॉनच्या तारांची एक आहे, ती मऊ म्हणून घेतली. तिची दांडी रुंद, माझा हात लहान. ती भिंतीला टांगलीय. तिसरी दुकानात आवडली म्हणून घेतली.

मामा : मग पोराला ती नायलॉनवाली देऊन टाक. मऊ आहे म्हणतेस ना.

भाची : त्याला जी गाणी वाजवायचीत त्यांचा आवाज धातूच्या तारेचा आहे. नायलॉनवर तो आवाज निघत नाही. दोन महिन्यांत म्हणेल, मोबाईलमधल्यासारखं वाजत नाही. आणि एकदा तसं वाटलं की संपलं. दिली असती हो.

सेकंडहँडचाही विषय निघाला. भाचीचं म्हणणं, इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष संपलं की पुण्यात पोरं गिटारी विकून गावी जातात, तेव्हा निम्म्या किमतीत चांगली मिळते. मामांना हे पटेना. ‘सोडून दिलेलं वाद्य म्हणजे कुणाचं तरी अर्धं राहिलेलं,’ असं काहीसं ते म्हणाले. मग लगेच व्यवहारावर आले : ते कपाटात तारा ताणून किती वर्षं पडलं होतं, हे कोण सांगणार? इथं माझं मत मामांच्या बाजूनं आहे. जुनी गिटार घ्यायला जुना हात लागतो. बाराव्या पडद्यावर कार्ड सरकवून जे कळतं ते कळतं, पण दांडीचा पीळ नवशिक्याला दिसत नाही, आणि तो एकदा आला की किल्लीनं जात नाही.

तबलीबाबत मात्र मी भाचीच्या बाजूला. मामांचं ऐकलं तर चांगल्या तबलीची गिटार येईल, आणि दुकानातून जशी निघाली तशीच पत्र्याखाली उभी राहील. माझा हिशेब असा : पहिल्या गिटारीला प्लायची तबली चालेल, उंच तारा चालणार नाहीत. खर्च करायचा तो दांडी, पडदे आणि घोडी नीट लावून घेण्यावर. पुण्यातली वाद्यांची दुकानं हे काम करून देतात, ते फार महागही नसतं, पण विचारल्याशिवाय कुणी करत नाही. त्यात तारांचा एक नवा सेट घालून घ्यायचा, कारण दुकानातल्या गिटारीच्या तारा बहुतेक वेळा गंजायला लागलेल्या असतात. सूर लावायला मोबाईलवरचं फुकटचं ॲप पुरतं. उरल्या पैशात जाड, आत फोम असलेली पिशवी घ्या, एसटीत ती कामाला येते. पट्टा, कॅपो, डिझाईनच्या पट्ट्या नंतर.

मामांनी एकच अट घातली. पोरानं पहिल्या वर्षी एकदा तरी स्वतःच्या हातानं तारा बदलायच्या, आणि ते त्यांच्यासमोर. भाचीनं ती मान्य केली. नातवाला अजून कुणी विचारलेलं नाही.

जुन्नर-आंबेगावाकडून पुण्याला पहिली गिटार घ्यायला निघणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. गर्दीत दुकानदार तुम्हाला वाजवू देत नाही आणि स्वतःही वाजवून दाखवत नाही. वाजवणारा माणूस बरोबर न्या. नसेल तर दुकानातल्याला एकच धून तीन गिटारींवर वाजवायला सांगा आणि तुम्ही पाठ करून ऐका. तीन एटीएम कार्डं खिशात असू द्या. बिल करायच्या आधी तारा खाली घ्यायला सांगा, नंतर नाही.